डाव्या पायाचे पाच मिलिमीटर: धावणाऱ्या एका मुलीच्या बुटांचं प्रकरण

सरावाला आल्या आल्या ती स्पाइक्स, म्हणजे तळाला पिना असलेले ट्रॅकचे बूट, चढवायची. बाकीची मुलं साध्या बुटांत दोन फेऱ्या जॉगिंग करून, ड्रिल्स उरकून मग पिशवीतून स्पाइक्स काढत. ही मात्र पहिल्या फेरीपासून स्पाइक्समध्ये. मी तिची प्रशिक्षक. मला वाटायचं, नवे आहेत, हौस आहे. साडेबारा वर्षांच्या मुलीला चकचकीत स्पाइक्सची हौस असणारच, म्हणून दोन-तीनदा टोकलं आणि सोडून दिलं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचे तीन महिने ज्यात गेले त्याचा धागा तिथेच लोंबत होता आणि मी तो ओढून पाहिला नाही.

तिचं मुख्य अंतर ८०० मीटर, अधूनमधून ४००. सराव आठवड्याला पाच दिवस. गेल्या पाच महिन्यांत उंची चार सेंटिमीटर वाढलेली. तक्रार टाचेची: आधी फक्त सराव संपल्यावर, मग सरावातच, मग जिना उतरतानाही. दोन्ही टाचा दुखत, उजवी जरा जास्त. तीन आठवडे तिने कुणाजवळ तोंड उघडलं नाही. मला कळलं ते तिच्या चालण्यावरून. शेवटचं रिपिटेशन, म्हणजे ठरलेल्या अंतराची पुन्हा पुन्हा घ्यायची धाव, संपवून ती पाण्याच्या बाटलीकडे गेली ती चवड्यांवर, टाच टेकवतच नव्हती.

टाच दुखते म्हटलं की सगळ्यांची नजर बुटांकडे जाते. पण तीन आठवडे टिकलेलं दुखणं आधी डॉक्टरांनी पाहायला हवं, बुटांचं नंतर. क्रीडावैद्यकाच्या डॉक्टरांनी तिची टाच दोन्ही बाजूंनी चिमटीत धरून दाबली तशी ती कळवळली. निदान सरळ होतं: सेव्हर्सचा विकार. जेम्स सेव्हर यांनी १९१२ मध्ये त्याचं वर्णन केलं म्हणून हे नाव, पण बाहेरून येणारा असा हा रोग नव्हे. वाढत्या मुलांच्या टाचेच्या हाडाला मागच्या बाजूला एक वाढपट्टी असते, अजून पूर्ण हाड न झालेली, कूर्चेची. पोटरीच्या स्नायूंना टाचेशी बांधणारा जाड दोर, अकिलीस टेंडन, त्याच भागाला जोडलेला असतो. उंची झपाट्याने वाढते तेव्हा हाडं पुढे जातात आणि पोटरीचे स्नायू मागे राहतात, ताणलेले. त्यात रोज धावणं आणि उड्या असल्या की त्या कोवळ्या जागेवर सारखी ओढ बसते. साधारण ८ ते १४ या वयात टाच दुखण्याचं हे सर्वांत नेहमीचं कारण आहे. वाढपट्टी हाडात मिळून गेली की ते कायमचं थांबतं, मागे काही व्यंग ठेवत नाही. हे ऐकून तिच्या आईचा जीव भांड्यात पडला.

डॉक्टरांनी धावणं कमी करायला, पोटरीचे ताण-व्यायाम करायला, सरावानंतर बर्फाने शेकायला आणि काही आठवडे दोन्ही बुटांत टाचेखाली छोटी उंच गादी घालायला सांगितलं. स्पाइक्स पूर्ण बंद. त्याचं कारणही उघड आहे. स्पाइक्सची टाच चवड्यापेक्षा जेमतेम उंच असते, कधी अजिबात नसते. रोजच्या धावण्याच्या बुटांत हाच फरक, ज्याला ड्रॉप म्हणतात, बहुधा ८ ते १२ मिलिमीटर असतो. टाच जितकी खाली, तितकी पोटरी आणि टेंडन जास्त ताणले जातात. ही मुलगी आठवड्याचे पाचही दिवस, वॉर्मअपपासून, त्या ताणात धावत होती.

मग मी तिची पिशवी मागितली.

तिच्याकडे दोन जोड होते. एक हे स्पाइक्स, पाच महिन्यांपूर्वी घेतलेले. "पाय वाढता आहे मॅडम, दोन नंबर मोठेच घेतले, वर्षभर तरी चालतील," असं तिचे बाबा म्हणाले होते. दुसरा जोड साध्या धावण्याच्या बुटांचा, मोठ्या बहिणीचा. दोन्हींतल्या आतल्या पट्ट्या, म्हणजे इनसोल, बाहेर काढून मी उजेडात धरल्या. स्पाइक्सच्या इनसोलवर बोटांच्या खुणा टोकापासून दोन बोटं मागे उमटलेल्या होत्या. टोकाला कापसाचा घट्ट बोळा, घामाने पिवळा पडलेला. बुटाचा वरचा भाग जिथे दुमडतो तिथली सुरकुती चवड्याच्या सांध्यावर असायला हवी. ती बोटांच्या मध्यावर होती. म्हणजे बुटाचा वाकण्याचा भाग एकीकडे आणि पाय वाकण्याची जागा दुसरीकडे. पुढच्या ज्या पिना चवड्याखाली यायला हव्यात त्या बोटांखाली आल्या होत्या, आणि बूट पायात राहावा म्हणून ती प्रत्येक पावलाला बोटं आत वळवून तळ धरून ठेवत होती. असं दिवसभर करून बघा, पोटरी दगडासारखी होते.

बहिणीच्या बुटांनी वेगळीच गोष्ट सांगितली. टाचेचा बाहेरचा कोपरा तिरका झिजलेला, तो बहिणीच्या धावण्याचा ठसा. मधला फोम एका बाजूला बसलेला. टेबलावर ठेवले तर दोन्ही बूट बाहेरच्या अंगाला कलत होते. धावण्याचा बूट काही शे किलोमीटर चालला की त्याचा फोम दबतो आणि पहिल्या मालकाच्या पायाप्रमाणे दबतो. दुसऱ्याच्या पायाला तो तिरपी जमीनच असते. स्पाइक्स एकाचे दुसऱ्याला दिले तर माझी हरकत नसते, झिजलेले साधे बूट मात्र देऊ नयेत असं माझं स्पष्ट मत आहे.

पण खरं कारण अजून कळलं नव्हतं. साधे बूट होते तर ती वॉर्मअपला ते का घालत नव्हती?

मोजायला बसलो तेव्हा कळलं. सराव संपल्यावर, संध्याकाळी, कारण दिवसभरात आणि धावल्यावर पाय थोडा फुगतो आणि बूट त्या पायाला बसायला हवा. भिंतीला लावून जमिनीवर कागद, टाच भिंतीला टेकलेली, दोन्ही पायांवर सारखं वजन देऊन उभी. बसून मोजलं तर माप कमी येतं. पेन्सिल सरळ उभी धरून सर्वांत लांब बोटाच्या टोकाला खूण. पुष्कळांचं दुसरं बोट अंगठ्यापेक्षा लांब असतं, तिचं तसं नव्हतं. उजवा पाय २३२ मिलिमीटर, डावा २३७.

मी दोनदा मोजलं. पाच मिलिमीटरचा फरक. दोन पाय तंतोतंत सारखे फार थोड्यांचे असतात, पण पाच म्हणजे अर्ध्या नंबरापेक्षा जास्त. ब्रिटिश पद्धतीत एक पूर्ण नंबर ८.४७ मिलिमीटरचा असतो. बहिणीच्या बुटाची आतली लांबी २३९ भरली. उजव्या पायापुढे सात मिलिमीटर जागा, डाव्यापुढे फक्त दोन. धावताना पाय बुटात थोडा पुढे सरकतोच, तेव्हा डावा अंगठा प्रत्येक पावलाला पुढच्या भिंतीवर आपटत होता. मोजा काढायला लावला. डाव्या अंगठ्याचं नख अर्धं काळं.

"बूट चावतो का हा?" मी विचारलं.

ती खाली बघून म्हणाली, "डावाच चावतो मॅडम. स्पाइक्समध्ये नाही चावत."

हौस कसली, ती बिचारी काळ्या नखापासून पळत होती. लहान बूट बोचतो म्हणून मोठ्या बुटात, तो मोठा आणि सपाट म्हणून टाचेचं दुखणं, आणि नुकतेच एवढे स्पाइक्स घेऊन दिले तर आता आणखी बूट कुठे मागायचे म्हणून गप्प. तिच्या आईने बहिणीचे बूट देताना पुढून अंगठा दाबून पाहिला होता आणि जागा आहे असं तिला वाटलं होतं. तिने उजवा दाबला होता. पहिल्या दिवशी मीही दाबून पाहिला होता, तोही उजवाच. उजव्या हाताचा माणूस समोरच्याच्या कुठल्या पायाकडे आधी वळतो याचा मी तोवर विचार केला नव्हता. आता दोन्ही दाबते, आणि डावा आधी.

दुखण्याचं मूळ कारण वाढीचं होतं, बुटांचं नव्हे, हे डॉक्टरांनी बजावून सांगितलं आणि ते मला पटतं. नीट बुटांतही तिची टाच कदाचित दुखलीच असती. पण वाढीचा वेग आपल्या हातात नसतो. टाच किती उंच, पाय किती मोकळा आणि सपाट तळावर किती तास, एवढंच हातात असतं. तेवढं आम्ही बदललं.

आधी साधे बूट, कारण सरावाचा बहुतेक भाग त्यांतच जायचा होता. हिशोब डाव्या पायावर: २३७ अधिक १० ते १२, म्हणजे आतली लांबी २४७ ते २४९. नंबर काय लिहिलाय हे आम्ही पाहिलंच नाही, कारण एकाच नंबराचे दोन कंपन्यांचे बूट आतून वेगळे भरतात. प्रत्येक बुटाची इनसोल बाहेर काढून जमिनीवर ठेवायची, तिला त्यावर उभं करायचं. पुढे अंगठ्याच्या जाडीएवढी पट्टी दिसली पाहिजे आणि कडेने पाऊल पट्टीबाहेर सांडता कामा नये. लांबी बरोबर पण करंगळीकडून पाय बाहेर येतोय, असा बूट लगेच बाजूला. मग बूट हातात धरून वाकवायचा: तो चवड्याच्या रेषेत वाकावा, मधोमध घडी पडू नये. टाचेचा मागचा कप बोटांनी दाबून चेपला जाऊ नये. एवढ्यात निम्मे जोड बाद झाले.

इथे एक वाद झाला. ओल्या पायाचा ठसा काढला तर तिचा कमानीचा भाग बराच भरून येत होता, म्हणून घरच्यांना कुणीतरी सांगितलं की पाय सपाट आहेत, आतल्या बाजूला कठीण आधार असलेलेच बूट घ्या. हा सल्ला वर्षानुवर्षं दिला जातो. अमेरिकेच्या लष्कर, हवाई दल आणि मरीन कोअरच्या नव्या भरतीवर हे तपासून झालं आहे: एका गटाला तळपायाच्या आकारानुसार बूट, दुसऱ्या गटाला सरसकट एकाच प्रकारचे. दुखापतींत म्हणावा असा फरक पडला नाही. ते सगळे प्रौढ होते, हे खरं. पण मुलांच्या बाबतीत सपाट पायाची धास्ती घ्यायचं कारण आणखीनच कमी, कारण कमान वाढीच्या वयात घडत असते आणि न दुखणारा सपाट पाय हा दोष नसतो. शरीराच्या हालचालींचे अभ्यासक बेन्नो निग आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये मांडलेला विचार मला जास्त उपयोगी वाटतो: पायाला जो बूट खरोखर सुखाचा वाटतो, त्यात शरीर आपली नेहमीची हालचाल राखतं, आणि निवडीची ती चांगली कसोटी आहे.

अडचण अशी की मुलांना "कसा वाटतो?" विचारलं की उत्तर येतं "छान". समोर आई-बाबा उभे, बूट नवा, रंग आवडलेला. दुसरं उत्तर येणारच नाही. म्हणून मी प्रश्न बदलला. उरलेल्या चार जोडांत तिला प्रत्येकी शंभर मीटर सावकाश धावायला लावलं आणि विचारलं, "बूट पायाला कुठे कुठे लागला?" पहिल्यात म्हणाली, घोट्याखाली. दुसऱ्यात बोटांवर शिवण. तिसऱ्यात टाच उचलताना बूट मागे राहतो. चौथ्यानंतर क्षणभर थांबली, पायाकडे पाहिलं आणि म्हणाली, "कुठेच नाही." तो जोड बाबांना फारसा आवडला नव्हता, रंगही मळखाऊ. तोच घेतला. आणखी एक गोष्ट मी बघत होते, जी बोलायची गरज नव्हती: पहिल्या तीन जोडांत तिची पावलं कानाला जड येत होती, चौथ्यात हलकी. फोम फार कडक असेल तर हलक्या वजनाच्या मुलांना तो दाबताच येत नाही, प्रौढांसाठी बेतलेल्या लहान नंबरांत हे हमखास होतं.

उजव्या पायाचं काय? त्याला आता पंधरा-सोळा मिलिमीटर जागा राहत होती. बोळा नको. उजव्या बुटाच्या जिभेखाली पातळ फेल्टची पट्टी लावली आणि लेस शेवटच्या दोन भोकांतून अशी ओवली की दोन्हीकडे छोटा फास तयार झाला. प्रत्येक टोक समोरच्या फासातून घेऊन आवळलं की टाच मागच्या कपात बसते आणि पाय पुढे सरकत नाही. तिला हे मी स्वतः बांधून दाखवलं नाही, तिच्याच हातून चारदा बांधून घेतलं. दोन पायांच्या लेसा वेगवेगळ्या ताणाने बांधायच्या असतात हे तिला तोवर कुणी सांगितलं नव्हतं.

बाबांच्या मनात आणखी एक होतं. मोठे खेळाडू घालतात ते जाड तळाचे, आत कार्बनची पट्टी असलेले बूट. त्यांचा हेतू निर्मळ होता: पोरीला दुखतंय, तर चांगल्यातलं चांगलं द्यावं. मी त्यांना दोन गोष्टी सांगितल्या. एक नियमाची: १ नोव्हेंबर २०२४ पासून वर्ल्ड अॅथलेटिक्स या जागतिक संघटनेच्या नियमांप्रमाणे ट्रॅकवरच्या सर्व धावण्यांत तळाची जाडी २० मिलिमीटरपर्यंतच चालते, रस्त्यावर ४० पर्यंत. त्यामुळे त्या नियमांनी चालणाऱ्या ट्रॅक स्पर्धेत तसला जाड बूट घालताच येणार नाही. दुसरी पायाची: कडक पट्टी पायाच्या वाकण्याचं काम स्वतःकडे घेते आणि भार दुसरीकडे वळवते. २०२३ मध्ये असे बूट वापरणाऱ्या पाच धावपटूंच्या पायातल्या नॅव्हिक्युलर या कमानीजवळच्या छोट्या हाडाला ताणाची इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध झाली. पाच जणांवरून कारण सिद्ध होत नाही. पण जिची वाढपट्टी आत्ता सुजून बसली आहे, तिच्या पायावर हा प्रयोग मी करणार नाही, असं मी त्यांना सांगितलं आणि त्यांनी पुन्हा तो विषय काढला नाही.

आईचा प्रश्न उलट्या टोकाचा होता: मग अनवाणीच धावू दे का? इथिओपियाच्या अबेबे बिकिलाने १९६० मध्ये रोम ऑलिंपिकला अनवाणी मॅरेथॉन जिंकली हे खरंच आहे. पण त्या पायांना तशी सवय होती, आणि १९६४ मध्ये टोकियोत त्याने पुन्हा सुवर्णपदक जिंकलं ते बूट घालून. अनवाणी म्हणजे ड्रॉप शून्य. दुखऱ्या टाचेला ते स्पाइक्सइतकंच वाईट. दुखणं गेल्यावर गवतावर अनवाणी थोडी ड्रिल्स मी सगळ्यांना देते, पावलाचे छोटे स्नायू जागे राहतात. तिला तेव्हा नाही.

स्पाइक्सविना पाच आठवडे गेले. पहिले दोन आठवडे धावणं जवळजवळ नाहीच, सायकल आणि पोहणं. मग नव्या बुटांत सावकाश धावणं, एक दिवस आड. स्पाइक्सकडे परतायची अट आम्ही दोघींनी मिळून ठरवली: प्रत्येक पायावर वीस लंगड्या, टाचेत काहीही न होता, लागोपाठ तीन दिवस. चौथ्या आठवड्यात ती अठरापर्यंत गेली आणि थांबली. "थोडं झालं," म्हणाली. त्या "थोडं झालं"चा मला किती आनंद झाला! महिन्यापूर्वी ती दात दाबून वीस पूर्ण करून मोकळी झाली असती.

नवे स्पाइक्स मध्यम अंतराचे घेतले. स्प्रिंटच्या स्पाइक्सचा पुढचा तळ फळीसारखा ताठ असतो आणि टाचेखाली काही नसतं. मध्यम अंतराच्या स्पाइक्सना टाचेखाली थोडा तरी फोम असतो आणि पुढचा तळ वाकतो. या वयात ४०० पळणाऱ्यालाही मी तेच देते. स्पाइक्स साध्या बुटांपेक्षा नेटके लागतात, तरी वाढत्या पायापुढे पाच-सहा मिलिमीटर हवेतच, म्हणून आतली लांबी २४३. पिना ६ मिलिमीटरच्या. सिंथेटिक ट्रॅकवर धावण्याला नियमाने ९ पर्यंत चालतात आणि बऱ्याच ट्रॅकवर ६ च लावू देतात. लांब पिन लावून वेग वाढत नाही, पाय ट्रॅकमध्ये अडकतो तेवढा. पहिल्या आठवड्यात स्पाइक्समध्ये साठ मीटरच्या चार स्ट्राइड्स, म्हणजे मोकळ्या वेगातल्या छोट्या धावा, बस. मग सहा. मग आठवड्यातून एकदा मुख्य रिपिटेशन्सचा शेवटचा अर्धा भाग. आजही तिचं स्पाइक्समधलं धावणं आठवड्याला दोनच दिवस आहे आणि वॉर्मअप एकदाही नाही.

आतून २५५ मिलिमीटर भरणारे जुने स्पाइक्स वाया गेले नाहीत. गटातल्या एका मुलीचा पाय मोजला तर २४९ भरला. बोळा काढून, धुऊन, नव्या पिना लावून ते तिला दिले. बहिणीचे झिजलेले बूट मात्र मी परत पिशवीत जाऊ दिले नाहीत.

दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी आता सगळ्यांचे पाय मोजतो. भिंतीजवळ कागद, पेन्सिल, वहीत प्रत्येकाच्या नावापुढे दोन आकडे, डावा आधी. सुरुवातीला मुलं हसायची. सेव्हर्सच्या आधीचा काळ यातून दिसतो हे माझ्या लक्षात आलंय: पायाची वाढ उंचीच्या आधी जोर धरते, म्हणून ज्याचा पाय दोन महिन्यांत सहा-सात मिलिमीटर गेला त्याची पोटरी मी तपासते आणि उड्या कमी करते, कुणी काही म्हणायच्या आत.

तिच्या नावापुढे गेल्या चार महिन्यांचे आकडे असे आहेत: २३७ आणि २३२, २३८ आणि २३४, २४० आणि २३६, २४१ आणि २३७. चौथ्या वेळी मोजायला बसायच्या आधीच ती डाव्या स्पाइकची इनसोल हातात घेऊन माझ्याकडे आली. बोटांची खूण टोकाच्या अगदी जवळ सरकलेली होती.

"मॅडम, हे संपत आले," ती म्हणाली. बाबा मागेच उभे होते. त्यांनी इनसोल घेतली, उजेडात धरली आणि वहीतला आकडा विचारला.